जन्मस्थळ : कोल्हापूर

मी शाहूपुरीतली. गेली बरीच वर्षं उत्तर लंडनमध्ये राहते, तिथल्या सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. पासपोर्ट भारताचाच आहे. पहिला 2003 साली पुण्याहून आला, पुढचे दोन, 2013 चा आणि 2023 चा, लंडनमध्ये काढले. परक्या देशात बसून आपल्या देशाचा पासपोर्ट नव्यानं काढणं हे तसं कारकुनी काम. फॉर्म भरा, फोटो लावा, फी भरा, वाट बघा. पण या कामाच्या निमित्तानं माझ्या घराबद्दल आणि माझ्या माणसांबद्दल मी जेवढा विचार केला, तेवढा एरवी क्वचितच केला असेल. त्यातलं काही इथं मांडते.

1. पासपोर्टची मुदत वाढत नाही, पासपोर्टच बदलतो. जुन्याचा कोपरा कापतात, त्यावर रद्दचा शिक्का मारतात आणि तो परत देतात. नवं पुस्तक येतं नव्या नंबरासह. मग तो नंबर जिथं जिथं दिलेला असतो तिथं तिथं सांगत फिरायचं : नोकरीच्या ठिकाणी, बँकेत, ब्रिटनच्या गृह खात्याला. पूर्वी इथल्या वास्तव्याचं कार्ड पाकिटात असायचं. त्या कार्डांची मुदत 2024 च्या 31 डिसेंबरला संपली आणि सगळा कारभार ऑनलाइन गेला. आता नवा पासपोर्ट त्या ऑनलाइन खात्याला जोडला नाही, तर परतीच्या विमानात चढताना अडवू शकतात. तिन्ही पासपोर्ट एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहिले. नंबर वेगळे, फोटो वेगळे, सही थोडी थोडी बदललेली, कुठून दिला त्या गावाचं नाव वेगळं. नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ मात्र तिन्हींत तेच. ‘कोल्हापूर, महाराष्ट्र’ ही अक्षरं मी तोवर किती वेळा पाहिली असतील, पण त्या दिवशी ती नीट वाचली.

2. आपलं नाव पिढ्यांचा हिशोब एका ओळीत सांगतं, आणि पासपोर्टला तो दोन रकान्यांत बसवावा लागतो. एक रकाना आडनावाचा, दुसरा बाकी सगळ्याचा. त्यामुळे बाबांचं नाव माझ्या नावाला चिकटून आलं आणि तसंच रुग्णालयाच्या ओळखपत्रावर छापलं गेलं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एका सहकाऱ्यानं त्यातला नेमका दुसरा शब्द उचलला आणि मला बाबांच्या नावानं हाक मारली. फोनवर बाबांना हे सांगितलं, तर त्यांना इतका आनंद झाला की पुढं कित्येक दिवस ते ही गोष्ट पेठेत भेटेल त्याला सांगत होते. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलायचं का, हा प्रश्न 2013 ला आला. बदलायची सक्ती नव्हतीच. 2016 च्या अखेरीस नियम आणखी सैल झाले आणि लग्नाच्या दाखल्याचा आग्रहही गेला. मी नाव बदललं नाही. नवऱ्याचं नाव शेवटच्या पानावर, पती किंवा पत्नीच्या रकान्यात आहे, तेवढं पुरेसं आहे. माझ्या पिढीतल्या किती मैत्रिणींनी केवळ व्हिसाच्या भीतीनं नाव बदललं आणि मग पदवीच्या कागदावर एक, पासपोर्टवर दुसरं, अशी आयुष्यभराची प्रतिज्ञापत्रं मागं लावून घेतली, हे आठवलं की वाईट वाटतं. नाव बदलायचं तर मनापासून वाटतं म्हणून बदलावं. खिडकीपलीकडचा माणूस काय विचारेल या धास्तीनं नाही.

3. आपण सात समुद्रांपलीकडून अर्ज केला तरी आपली चौकशी आपल्या गल्लीतच होते. 2023 च्या अर्जानंतर एका सकाळी शाहूपुरीतल्या घरी हवालदार आले. ही मुलगी इथलीच का, कधीपासून बाहेर आहे, घरात कोण कोण असतं, असं विचारलं. आईनं चहा टाकला. शेजारच्या मावशी आपण होऊनच जिन्यावरून खाली आल्या आणि म्हणाल्या, “अवो, आमच्या डोळ्यांदेखत वाढल्याली पोरगी हाय ती. काय विचारायचं ते मला विचारा.” आईनं रात्री फोनवर हे सांगितलं तेव्हा माझ्या घशाशी काहीतरी दाटून आलं. लंडनच्या माझ्या घराच्या दोन्ही बाजूंना चांगली माणसं राहतात, पण माझ्यासाठी असं छातीठोक बोलण्याइतकी माहिती त्यांच्याकडं नाही. ती मावशींकडं आहे.

पासपोर्टवरच्या या शाहूपुरीच्या पत्त्याचं आणखी एक मोल मला पुढच्या वर्षी कळलं. लोकप्रतिनिधित्व कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून परदेशात राहणारा, पण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व न घेतलेला भारतीय मतदार होऊ शकतो. पासपोर्टवर भारतातला जो पत्ता असेल, त्या मतदारसंघात त्याचं नाव लागतं. त्यासाठी नमुना 6अ भरायचा. मतदान मात्र स्वतः केंद्रावर जाऊन करायचं, आणि ओळख म्हणून मूळ पासपोर्टच दाखवायचा. 2024 च्या 7 मेला कोल्हापूर लोकसभेचं मतदान होतं आणि मी तेव्हा सुट्टीवर घरी होते. शाळेच्या व्हरांड्यातल्या रांगेत सगळ्यांच्या हातात मतदार कार्ड, आधार कार्ड. माझ्या हातात निळा पासपोर्ट. केंद्रावरच्या बाईंनी तो उलटून शेवटचं पान पाहिलं, यादीत नाव शोधलं, बोटाला शाई लावली. पासपोर्ट म्हणजे गाव सोडून जायचा कागद, असंच आपण धरून चालतो. त्या दिवशी तो गावात माझी जागा दाखवणारा कागद होता. फॉर्म भरताना लंडनचा पत्ता छापून घेण्यापेक्षा शाहूपुरीचाच छापून घ्यायचा, हा माझा आग्रह तेव्हा निव्वळ मायेपोटी होता. त्याला असा कायद्याचा आधारही आहे हे समजल्यावर मी ओळखीच्या प्रत्येकाला ते सांगत सुटले.

4. पासपोर्ट आपल्याकडं नसतो तेच दिवस सर्वांत जड जातात. अर्ज दिला की जुना पासपोर्ट त्यांच्याकडं जातो, आणि नवा येईपर्यंत आपण या बेटावर अडकतो. एरवी महिनोन्महिने मी कुठं जात नाही, त्याचं काही वाटत नाही. पण जाता येणार नाही म्हटल्यावर रात्री वाजणारा प्रत्येक फोन वेगळा ऐकू येतो. परदेशात राहणाऱ्या मुलांना आईवडिलांच्या वयाची जी भीती असते, ती बाकीचं वर्षभर आपण कामात झाकून ठेवतो. या दिवसांत ती उघडी पडते.

2023 ला तसंच झालं. पासपोर्ट उच्चायुक्तालयात, आणि भावाचा फोन. बाबांच्या छातीत दुखू लागलं होतं, त्यांना दवाखान्यात हलवलं होतं. भाऊ शांतपणे म्हणाला, “तू ये किंवा नको येऊस, असं मी काहीच म्हणत नाही. डॉक्टर काय सांगतात ते दर तासाला कळवतो.” मी त्या रात्री सगळे मार्ग तपासले. अगदी निकड असेल तर आपलं उच्चायुक्तालय आणीबाणीचा दाखला देतं, पण तो फक्त भारतात जाण्यापुरता असतो. त्यावर परत येता येत नाही. म्हणजे गेलं तर नोकरी, लेकीची शाळा, सगळं मागं लटकतं ठेवून जायचं. सकाळी मी अर्ज केंद्रावर गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, आत चौकशी केली आणि अर्ज कुठवर पोचला आहे ते सांगितलं. नियमापलीकडं त्यांनी काही केलं नाही, करताही आलं नसतं. पण त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि त्यांचे वडील जालंधरला एकटे असतात हे सांगितलं. पासपोर्ट हातात येईपर्यंत बाबांना स्टेंट बसवून झाला होता. मी पोचले तेव्हा ते घरी कॉटवर बसून ‘पुढारी’ वाचत होते.

त्यानंतर आमच्या घरात एक गोष्ट ठरून गेली. नवराबायकोचे पासपोर्ट एकाच वेळी द्यायचे नाहीत. दोघांपैकी एकाला तरी निघता आलं पाहिजे. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो. ती सवलत लोक पुढच्या सुट्टीच्या हिशोबानं वापरतात. मी आता आईबाबांच्या तब्येतीच्या हिशोबानं वापरते. सगळं ठीक चाललं आहे असं वाटतं तेव्हाच अर्ज द्यायचा.

5. आपल्याच पोटची लेक आपल्यापेक्षा वेगळ्या देशाची नागरिक असू शकते, हे समजणं सोपं आणि अंगवळणी पडणं अवघड. ती जन्मली तेव्हा आम्हाला इथं कायम राहायचा परवाना मिळालेला होता, म्हणून ती जन्मानंच ब्रिटिश. तिचा पासपोर्ट पाच वर्षांचा, माझा दहा वर्षांचा. तिच्याकडं भारतात जायला ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं, कार्ड आहे. हीथ्रोला उतरल्यावर रांगा वेगळ्या असतात. ती लहान होती तोवर कुटुंब म्हणून आम्ही एकत्र जायचो. एकदा मुंबईत उतरल्यावर तिनं विचारलं, “आई, इथं तू आतली आणि मी बाहेरची का?” तिला म्हटलं, इथं तू आजीची आहेस, बाकीचं बघायला कार्ड आहे. उत्तर तिला पटलं. मला मात्र अजून पुरतं पटलेलं नाही, आणि यावर कुणाकडं याहून बरं उत्तर असेल तर ते मला हवं आहे.

6. कागद जपायचे असतात ते पुराच्या पातळीच्या वर. हे कोल्हापूरच्या माणसाला कुणी शिकवायला लागू नये, पण 2019 च्या ऑगस्टनं सगळ्यांनाच नव्यानं शिकवलं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट धरतात. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती पाण्यात विरघळल्या. आमच्या खालच्या खोलीत ट्रंक होती. तिच्यात माझा दहावीचा दाखला, महापालिकेचा जन्मदाखला आणि 2003 चा पासपोर्ट होता. लेकीच्या ओसीआयसाठी आईबाप भारतीय वंशाचे असल्याचे कागद लागतात, म्हणून मी तो सगळा गठ्ठा सांभाळून ठेवायला सांगितला होता. पाणी दारात आलं तेव्हा बाबांनी फ्रीज सोडला, टीव्ही सोडला आणि ट्रंक माळ्यावर चढवली. तरी ओल लागलीच. पूर ओसरल्यावर आईनं एकेक कागद दोरीवर चिमट्यानं वाळत घातला आणि त्याचा फोटो मला पाठवला. पासपोर्टाची पानं फुगली आहेत, पहिल्या व्हिसाची शाई पसरली आहे, पण नाव वाचता येतं. आता सगळ्याच्या प्रती माझ्याकडं आहेत. मूळ कागद मात्र माळ्यावरच आहेत. ते लंडनला आणावेत असं मला वाटत नाही.

7. पासपोर्ट देणारा देश जागेवर आहे, हे आपण गृहीत धरतो. मीही धरत होते. मिरजेहून कोल्हापूरला येताना रुकडीनंतर वळिवडे स्टेशन लागतं. लहानपणी तिथं मावशीकडं जायचो तेव्हा ‘इथं पोलंडवाले राहायचे’ एवढं कानावर असायचं. मोठी झाल्यावर, आणि स्वतः स्थलांतरित झाल्यावर, मी ती हकिकत नीट वाचली. 1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधून हजारो कुटुंबं सैबेरियात आणि कझाकस्तानात नेली. पुढं सुटका झाल्यावर त्यांतले अनेकजण इराणमार्गे, कराचीमार्गे भारतात आले. 1943 पासून सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूर संस्थानातल्या वळिवड्याच्या छावणीत राहत होते. त्यांची शाळा होती, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची. आणि त्यांचं सरकार लंडनमध्ये होतं, कारण खुद्द पोलंड शत्रूच्या ताब्यात होता.

1945 च्या जुलैत ब्रिटननं त्या परागंदा सरकारची मान्यता काढून घेतली. मला हा तपशील वाचून पुढं वाचवेना. ज्या सरकारच्या नावानं आपले कागद, तेच एका रात्रीत जगाच्या लेखी उरलं नाही. त्यांची गावं, म्हणजे त्यांच्या कागदांवरचे पत्ते, तेही आता सोव्हिएत हद्दीत गेले होते. त्या बायकांनी वळिवड्यात बसून कुणाकडं अर्ज करायचा होता? काहीजणी पोलंडला परतल्या, पुष्कळजणी ब्रिटनला गेल्या, कुणी ऑस्ट्रेलियाला. एकीनं कोल्हापूरच्या मुलाशी लग्न करून इथंच संसार केला. 1948 मध्ये छावणी रिकामी झाली, आणि त्याच बराकींत फाळणीनं सिंध सोडायला लावलेली कुटुंबं आली. त्यांचं गाव तर दुसऱ्या देशातच गेलं होतं. त्यांनी जे उभं केलं ते गांधीनगर, जिथं आज अख्खा जिल्हा लग्नाचं कापड घ्यायला जातो. माझ्या आईनं माझ्या लग्नाच्या साड्या तिथूनच घेतल्या.

पोलंडचे लोक हे विसरलेले नाहीत. वॉर्सात वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान मोदींनी तिथं फुलं वाहिली. कोल्हापुरात महावीर उद्यानात स्तंभ आहे. आता सुट्टीत घरी गेले की मी लेकीला तिथं नेते. अर्ज केंद्राच्या रांगेत उशीर झाला म्हणून चिडणाऱ्या माणसाबद्दल मला तक्रार नाही, उशीर होतोच आणि त्रासही होतोच. पण ज्याच्याकडं अर्ज करता येतो असा देश आपल्याला आहे, हे भाग्य मी वळिवड्यामुळं ओळखलं.

8. दर दहा वर्षांनी फॉर्मच्या आड एक मोठा प्रश्न उभा राहतो : हाच पासपोर्ट पुन्हा घ्यायचा, की ब्रिटिश व्हायचं? भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ब्रिटिश झालं की भारतीय पासपोर्ट परत करून तसा दाखला घ्यावा लागतो. मग ओसीआय कार्ड मिळतं, पण मत देता येत नाही. माझ्या नवऱ्यानं ब्रिटिश नागरिकत्व घेतलं आणि त्याची कारणं मला मान्य आहेत. त्याच्या कामात युरोपभर फिरावं लागतं, आणि आमच्यासारख्यांचा कायमचा परवाना सलग दोन वर्षं बाहेर राहिलं तर संपतो. त्याला उद्या वाईला आईजवळ दोन-तीन वर्षं राहावंसं वाटलं तर परतीची वाट त्याला उघडी आहे. मला नाही.

गावाकडच्या मंडळींना वाटतं, मी शेतीसाठी भारतीय राहिले. तसं नाही. परदेशात राहणारा भारतीय, पासपोर्ट कुठलाही असो, नियमानं शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. वारशानं आलेली ठेवू शकतो. आमचा करवीर तालुक्यातला उसाचा तुकडा दोन्ही बाजूंनी तेवढाच सुरक्षित आहे. मी भारतीय राहिले, कारण मला मत द्यायचं आहे, आणि कारण मावशींनी हवालदारांना जे सांगितलं ते मला खरं ठेवायचं आहे. हा माझा निर्णय, त्याचा त्याचा. एका घरात दोन उत्तरं नांदतात आणि जेवणाच्या टेबलावर यावरून आमचं भांडण झालेलं नाही. मात्र 2033 ला मी काय करीन, हे आज सांगत नाही. लेक तेव्हा मोठी असेल, आईबाबा कसे असतील ठाऊक नाही. ज्यांनी पासपोर्ट बदलला त्यांना कमी मायेचं ठरवणारी बोलणी मी ऐकते तेव्हा मला राग येतो. माया कुणाच्या खिशात कुठल्या रंगाचं पुस्तक आहे यावरून ठरत नाही. नवरा दर रविवारी सकाळी वाईला फोन लावतो आणि तास-तास बोलतो, ते मी पाहते.

9. आता वाट बघायची पाळी आईची आहे. तिचा पासपोर्ट संपत आला होता. पूर्वी यासाठी कोल्हापूरहून पुण्याची वारी ठरलेली असायची. 2017 पासून कोल्हापुरातच पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्र झालं आहे. ती भावाबरोबर रिक्षानं गेली, बोटांचे ठसे दिले, फोटो काढून घेतला आणि येताना भाजी घेऊन आली. हवालदार पुन्हा घरी आले, मावशी पुन्हा खाली उतरल्या. नवा पासपोर्ट पोस्टमननं आणून दिला तेव्हा आईनं मला व्हिडिओ कॉल करून प्रत्येक पान दाखवलं, कोरीसुद्धा. व्हिसासाठी आता तिला माझे पगाराचे कागद, बँकेची पत्रकं आणि घराचा करार हवा आहे. फॉर्ममध्ये खर्च कोण करणार या प्रश्नापुढं माझं नाव लिहायचं आहे, आणि ते स्पेलिंग चुकू नये म्हणून तिनं माझ्या पासपोर्टची प्रत मागवून घेतली. व्हिसाच्या ठशांसाठी मात्र पुण्यालाच जावं लागतं. भाऊ पुढच्या मंगळवारी तिला पहाटेच्या गाडीनं घेऊन जाणार आहे.